डाव्या डोळ्यातला पांढरा ठिपका

बाळीवेशीतल्या सिद्रामप्पाच्या स्टुडिओत जिवंत माणसं कमी येतात आणि मेलेल्यांची बोलावणी जास्त येतात, असं लोक चेष्टेनं म्हणायचे. चेष्टा असली तरी खोटं नव्हतं. लिंगायताच्या घरात माणूस गेलं की त्याला भिंतीला टेकवून बसवायचं, कपाळाला विभूती लावायची, हार घालायचा, आणि मातीला नेण्याआधी घरादारानं दोन्ही बाजूंना बसून एक फोटो काढून घ्यायचा, ही रीत. त्या एका फोटोसाठी सकाळी सकाळी कुणीतरी सायकलवरून येऊन स्टुडिओच्या फळ्या वाजवायचं. सिद्रामप्पा तोंडावर पाणी मारायचा, कॅमेरा खांद्याला लावायचा आणि चहासुद्धा न घेता निघायचा.

पण फोटो काढला म्हणजे काम संपलं असं नाही. मेलेल्याचे डोळे मिटलेले असतात, आणि मिटल्या डोळ्यांचा बाप भिंतीवर कुणालाच नको असतो. मग सिद्रामप्पा खिडकीशी बसून, चार केसांचा ब्रश काळ्या शाईत बुडवून, कागदावर ते डोळे उघडायचा. असे उघडायचा की थोरली सून फोटोसमोरून जाताना डोक्यावरचा पदर सारखा करायची. सोलापुरात असा हात दुसरा नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्याचं तो लपवतही नव्हता. ज्याच्याकडं तो हे काम शिकला त्या उस्तादानं एक गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसवली होती. शाई कुठं लावली ते गिऱ्हाइकाला कधी सांगायचं नाही. सांगितलं की फोटोतलं माणूस मरतं आणि नुसती शाई उरते. तीस वर्षं सिद्रामप्पानं हे पाळलं.

त्याच हातानं पुढं घात केला. हात वाईट असता तर वेळेवर सगळं कळलं असतं.

चौऱ्याहत्तर साल. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठून महिनाही झाला नव्हता, तेव्हा सुताचा व्यापारी नागप्पा पहिल्यांदा रोल घेऊन आला. नागप्पाला लग्नानंतर अकरा वर्षांनी मूल झालेलं. मुलगी. नाव शरणम्मा, घरात शरू, वय सव्वा वर्ष. आता अकरा वर्षं देवाच्या पायऱ्या झिजवल्यावर मिळालेल्या पोरीचं कौतुक किती करावं याला काही माप असतं का? नागप्पानं मुंबईहून डबा कॅमेरा आणला, वर लावायला फ्लॅश आणला, आणि फ्लॅशचे बल्ब खोक्यानं आणले. पोरगी शिंकली की फोटो, पोरगी झोपली की फोटो. प्रत्येक फोटोला एक बल्ब फट्‌कन जळायचा आणि पोरगी रडून लाल व्हायची.

रोल धुऊन झाला तेव्हा सिद्रामप्पानं कपाळाला हात लावला.

"नागप्पा, ह्यात पोरीचं डोकं कुटं हाय?"

"हलली की ती, मामा."

"ती न्हाय हलली. तू हललास. आन् ह्यात तिच्यापेक्षा पाळण्याचा दांडा मोठा दिसतोय. पोरीचा फोटो काढलास का दांड्याचा?"

नागप्पा हसला. पोरीवरून कुणी काही बोललं तरी तो हसायचा, इतका सुखात होता.

रोलमधल्या बारातले तीन फोटो बरे होते. त्यातल्या एकात शरू चादरीवर बसून थेट कॅमेऱ्याकडं बघत होती. चार दात, कपाळाला विभूतीची बोटं, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची करडगी. आणि डाव्या डोळ्याच्या काळ्या बाहुलीत पांढरा ठिपका. ठिपका म्हणजे नुसती चमक नव्हे, पुरी बाहुलीच पांढरी.

सिद्रामप्पाची बायको काशम्मा धुतलेले फोटो दोरीला टांगत होती. ती थांबली.

"हिच्या डोळ्यात काय पडलंय ओ?"

"फ्लॅश पडलाय."

"मग दुसऱ्या डोळ्यात का न्हाय पडला?"

"होगली बिडू," सिद्रामप्पा म्हणाला. जाऊ दे, सोड. घरात वाद मिटवायचा झाला की तो कानडीत बोलायचा. फोटो वाळल्यावर त्यानं ब्रश उचलला आणि मिनिटभरात बाहुली काळी केली. उजवीपेक्षा डावीच जास्त जिवंत दिसायला लागली. नागप्पा फोटो घेऊन गेला आणि जाताना तीनदा मागं वळून म्हणाला की मामा, तुमच्या हाताला तोड न्हाय.

दुसरा रोल शिमग्याला आला. त्यात तीन फोटोंमध्ये पांढरं. तिसरा पाडव्यानंतर. त्यात पाच. प्रत्येक वेळी डावा डोळा. पोरगी इकडून बसलेली असो, तिकडून बसलेली असो, उजवा डोळा काळा आणि डावा पांढरा.

सिद्रामप्पानं लग्नकार्यात हजारो माणसांवर फ्लॅश मारला होता. चष्म्यावर चमकतं ते त्याला माहीत होतं, नवरीच्या नथीवर चमकतं ते माहीत होतं. लहान पोरांचे डोळे कधी कधी उजळतात तेही माहीत होतं, पण उजळले तर दोन्ही उजळतात. एकच डोळा, आणि तोही दर खेपेला तोच, असं त्यानं कधी बघितलं नव्हतं. तिसऱ्या रोलच्या वेळी ब्रश शाईत बुडवून तो तसाच थांबला. तो घाबरला. कशाला घाबरला हे त्यानं स्वतःला विचारलं असतं तर बरं झालं असतं. पण फोटोत खोट असली की ती काढणाऱ्याची खोट, हे त्याच्या अंगात इतकं मुरलेलं की त्यानं सगळा राग नागप्पावर काढला. ह्या माणसाला कॅमेरा कळत नाही, आणि ह्याचा अडाणीपणा आपण किती दिवस निस्तरायचा? पाचही बाहुल्या त्यानं काळ्या केल्या आणि रविवारी नागप्पाच्या घरी जायचं ठरवलं.

घरी नागप्पाची बायको महानंदा होती. अंगानं बारीक, कमी बोलणारी बाई. तिनं शेंगापोळी पुढं ठेवली. सिद्रामप्पानं आधी फ्लॅश मागून घेतला आणि कपाटाच्या वरच्या फळीवर टाकून दिला.

"हे पैलं बंद. पोराच्या तोंडावर फट्‌ करून उजेड मारायचा, ते रडणार, आन् वर तू म्हणणार हस. दार उघड. दारातनं येतोय तेवढा उजेड पुरे हाय."

त्यानं शरूला उंबऱ्यापासून दोन हात आत बसवलं. महानंदाला धुतलेलं पांढरं धोतर आडवं धरून पोरीच्या सावलीच्या बाजूला उभं केलं, म्हणजे दारातला उजेड धोतरावर आपटून परत पोरीच्या गालावर येईल. नागप्पाला जमिनीवर पालथं झोपवलं.

"पोरगी बसलीय तितं खाली तुझा कॅमेरा पायजे. वरनं काढलास की डोकं मोठं आन् पाय न्हायतच. हाका मारू नगोस. नाव घेतलं की पोर तोंड करतंय. तिच्याफुडं काय तरी टाक आन् गप पड."

नागप्पानं दुकानातल्या सुताच्या चार रिकाम्या कांड्या टाकल्या. शरू त्या एकावर एक रचायला लागली. उजव्या हाताच्या कांड्या तिला लगेच सापडायच्या. डाव्या बाजूला घरंगळलेली कांडी मात्र तिला दिसेना. ती पुरी मान वळवायची तेव्हा कुठं तिचा हात कांडीवर पडायचा. मग उठून आईकडं धावताना तिचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. रडली नाही, तशीच पुढं गेली. सवय असावी.

सिद्रामप्पानं ते बघितलं. बघितलं आणि उजेड कुठून येतोय तिकडं लक्ष दिलं.

नागप्पा रोल बदलायला आत गेला तेव्हा महानंदा हळूच म्हणाली, "मामा, एक इचारू? दिवेलागणीला हिला मांडीवर घेते तवा हिचा डावा डोळा चमकतोय. मांजरीचा चमकतोय तसा. ह्यांना म्हटलं तर हसतात."

आता या ठिकाणी माणसानं खरं बोलायला काय लागतं? एक वाक्य. फोटोतही तसंच येतंय गं, मी शाई लावतो, एकदा डॉक्टरला दाखव. पण तीस वर्षांची जीभ वळली नाही. शिवाय समोर बाई घाबरलेली, आणि घाबरलेल्या बाईला धीर द्यायचा एवढंच त्याला त्या क्षणी सुचलं. त्यानं फळीवरचा अल्बम काढला, पहिल्या रोलमधला तो चादरीवरचा फोटो उघडला आणि डाव्या डोळ्यावर बोट ठेवलं.

"हे बघ. अगदी डोळ्यात फ्लॅश मारलाय. तरी बाहुली काळी कुळकुळीत हाय का न्हाय? डोळ्यात काय असतं तर ह्यात आलं नसतं व्हय? कॅमेरा खोटं बोलत न्हाय."

महानंदानं फोटो हातात घेऊन बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "व्हय. काळाच हाय." तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. सिद्रामप्पाला बरं वाटलं, आणि घरी जाताना रस्ताभर वाईट वाटलं. काशम्मानं विचारलं तेव्हा तो म्हणाला की पोरगी ठणठणीत आहे.

नागप्पाचे फोटो मात्र सुधारले, आणि सुधारले म्हणजे किती. फ्लॅश गेला आणि त्याच्याबरोबर ते पांढरंही गेलं. दारातल्या मऊ उजेडात शरू कधी कांड्यांचा मनोरा करतेय, कधी ताटातला भात मुठीनं खातेय, कधी बापाची टोपी डोक्यावर घेऊन बसलीय. डोळे काळेभोर, दोन्ही सारखे. शाईची गरजच पडेना. सिद्रामप्पाला सुटल्यासारखं झालं. बघा, फ्लॅशचीच खोट होती, असं तो काशम्माला दोनदा तरी म्हणाला असेल. एक फोटो मोठा करून त्यानं स्टुडिओच्या काचेच्या कपाटात लावला. जाणारे येणारे थांबायला लागले. आमच्या पोराचा असा काढायचा तर काय करावं लागेल, असं विचारायला कचेरीतले कारकून, शाळेतले मास्तर यायला लागले. जन्मभर मेलेल्यांचे डोळे उघडणाऱ्या माणसाकडं जिवंत पोरांची रीघ लागली. तो सगळ्यांना तेच सांगायचा. दार उघडा, खाली बसा, गप राहा, आणि फ्लॅश फेकून द्या.

असं सव्वा वर्ष गेलं. त्या सव्वा वर्षात पोरीच्या डोळ्यात जे वाढत होतं ते वाढत राहिलं. दारातल्या उजेडात ते येत नव्हतं एवढंच.

पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात शरू तिरळं बघायला लागली. शेजारणी म्हणाल्या, तिरळी पोरगी नशीबवान निघते. मग डोळा लाल झाला. पेठेतल्या डॉक्टरनं आठ दिवस थेंब दिले. नवव्या दिवशी डोळा सुजून पुढं आला आणि पोरगी डोकं जमिनीवर आपटायला लागली. तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी खोली अंधारी करून आत बॅटरी मारली, बराच वेळ बघितलं, आणि बाहेर येऊन पहिल्यांदा पाणी प्याले.

दुसऱ्या दिवशी दुपारी नागप्पा स्टुडिओत आला. बगलेत अल्बम. दाढी वाढलेली, पण तोंडावर कसलीतरी आशा होती.

"मामा, पोरीच्या डोळ्यात गाठ हाय. आतल्या बाजूला. संध्याकाळच्या गाडीनं मुंबईला निघतोय." मग त्यानं अल्बम टेबलावर ठेवला. "डॉक्टर म्हणाले, ह्या गाठीत बाहुली पांढरी दिसते. किती दिवसांपासून दिसते ते तितले डॉक्टर इचारतील. गाठ नवी असली तर डोळा ठेवून इलाज करता येतो म्हणे. जुनी असली तर डोळा लगेच काढायचा, एक दिवस थांबायचं न्हाय. न्हायतर ती मागनं मेंदूत जाते आन् पोर हातची जाते. जुने फोटो असले तर न्या म्हणाले, फोटोत कळतंय. मी रात्रीत समदे बघितले. एकातसुद्धा पांढरं न्हाय. फ्लॅशचे हायत त्यातसुद्धा न्हाय. म्हणजे आत्ताची हाय गाठ. तुमचे उपकार, मामा. तुमी एवढे चांगले फोटो काढायला शिकवलं म्हणून आज दाखवायला काय तरी हाय."

सिद्रामप्पानं अल्बम जवळ ओढला.

"एक करा. फोटोमागं तारखा घालून तुमचा शिक्का मारून द्या. म्हणजे डॉक्टर मानतील."

आणि सिद्रामप्पानं तारखा घातल्या. वही काढली, रोल कुठल्या दिवशी धुतला ते बघितलं, फोटो उलटा केला, तारीख लिहिली, शिक्का मारला. असे नऊ फोटो. नऊच्या नऊ शाईचे. हात काम करत होता म्हणून तोंड बंद राहिलं, की तोंड उघडू नये म्हणून हात काम करत होता, कोण सांगणार. नागप्पानं त्याच्या पायाला हात लावला आणि तो गेला.

काशम्मा आतल्या दारात उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं.

"सांगितलं न्हाय तुमी."

"कसं सांगू?"

"तितले डॉक्टर ते फोटो बघून थांबतील. तेवढ्यात ती गाठ आत जाईल." काशम्मा ओरडली नाही, तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "तुमी जाताय, का मी जाऊ? मला पोरीच्या आईचं तोंड बघायला सांगू नका."

निगेटिव्ह ठेवायचं लाकडी कपाट होतं. त्यातून नागप्पाचे पहिले तीन रोल शोधायला त्याला अर्धा तास लागला, कारण डोळ्यांना नीट दिसेना. मग टांगा करून तो स्टेशनवर गेला. गाडी लागलेली होती. नागप्पा डब्याच्या दाराशी, आणि आत खिडकीत महानंदा, मांडीवर शरू. पोरीच्या डोळ्यावर ओला रुमाल.

"नागप्पा, ते फोटो दाखवू नगोस. त्यात शाई हाय."

"कसली शाई?"

"डोळ्यात. मी लावलेली. पैल्या रोलपासनं डोळा पांढरा येत होता. मला वाटलं फ्लॅशची खोट हाय. मी काळा केला." त्यानं निगेटिव्ह काढून आभाळाकडं धरलं. "हे बघ, हे खरं हाय."

नागप्पानं मान वर करून बघितलं. "काळाच हाय की डोळा."

"निगेटिव्हवर उलटं येतं रे. काळं दिसतंय ते पांढरं असतं. उजवा बघ, बाहुली कोरी हाय. डावी काळी. म्हणजे डावी पांढरी. डॉक्टरांना हेच दे, त्यांना कळंल. सव्वा वर्ष झालं. त्यांना सांग, सव्वा वर्ष झालं, थांबू नका म्हणावं."

नागप्पा त्याच्याकडं बघत राहिला. त्याला अजून पुरतं उमगलं नव्हतं. महानंदाला उमगलं. तिनं खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला, निगेटिव्हचं पाकीट घेतलं आणि पोरीच्या कपड्यांच्या पिशवीत तळाशी घातलं. मग सिद्रामप्पाकडं बघितलंसुद्धा नाही. गाडी सुटली तरी तो तिथंच उभा होता, आणि हमालानं बाजूला हो म्हणून ढकलल्यावर हलला.

पुढचं सगळं काशम्माकडून कळलं, कारण नागप्पानं बाळीवेशीतला रस्ताच सोडला होता. दुकानाला जायला तो लांबच्या गल्लीतून जायचा. मुंबईच्या डॉक्टरांनी निगेटिव्ह दिव्यावर धरून बघितले आणि दुसऱ्याच दिवशी डोळा काढला. वर्षापूर्वी आणली असती तर कदाचित डोळासुद्धा वाचला असता, असं त्यांच्यातला एक जण म्हणाला. गाठ मागं पोचली की नाही ते आत्ता सांगता येत नाही. आणि दुसऱ्या डोळ्यावर नजर ठेवा, कधी कधी दुसऱ्यातही होतं.

सिद्रामप्पानं काचेच्या कपाटातला शरूचा फोटो काढून ठेवला. त्या जागी दुसरा लावला नाही. श्रावणात दोन घरांतून बोलावणं आलं, आप्पा गेले, फोटोला चला. तब्येत बरी नाही म्हणून त्यानं दुसऱ्या फोटोग्राफरचं नाव सांगितलं. दिवसभर तो दुकान उघडं ठेवून बसायचा आणि बाईमाणूस रस्त्यानं येताना दिसलं की उगाच वही उघडायचा.

श्रावण सरता सरता एका दुपारी महानंदा आली. कडेवर शरू. डाव्या डोळ्यावर कापसाची पट्टी. पोरीनं त्याला ओळखलं आणि हसली. आई हसली नाही. ती बाकावर बसली आणि पिशवीतून नागप्पाचा फ्लॅश काढून टेबलावर ठेवला.

"मला रोज दिसायचं, मामा," ती म्हणाली. शांत बोलत होती. "दिवेलागणीला मांडीवर घ्यायचे आन् डोळा चमकायचा. रोज. मग मी उठून तुमचा फोटो काढून बघायचे. त्यात काळा. मी म्हणायचे, माझीच नजर फिरली. आईला खोटं दिसतंय आन् फोटोत खरं हाय. मग मी दिवा लागला की हिच्याकडं बघायचंच सोडलं."

सिद्रामप्पानं टेबलावरचा फ्लॅश उचलून हातात घेतला.

"मुंबईचे डॉक्टर तीन महिन्यांनी या म्हणालेत. तीन महिने मी कशी काढू? आता दिव्यात बघते तर कवा चमकल्यागत वाटतंय, कवा न्हाय. माझ्या डोळ्यांवर माझा इस्वास उरला न्हाय. फ्लॅशनं एक फोटो काढा. उजव्या डोळ्याचा."

"काढतो," तो म्हणाला.

त्यानं शरूला बाकावर बसवलं. पोरीला हाक मारली नाही. ती आपणच एका डोळ्यानं त्याच्याकडं बघत होती. बल्ब फट्‌कन जळला आणि पोरगी रडायला लागली. काशम्मा बाहेर आली आणि पोरीला आत घेऊन गेली.

सिद्रामप्पा अंधाऱ्या खोलीकडं निघाला. महानंदा उठली.

"मी बी आत येते."

"तितं वास मारतोय औषधांचा. तू बस की."

"मी आत येते," ती म्हणाली, आणि आली.

फिल्म धुऊन वाळेपर्यंत ती तिथंच स्टुलावर बसून राहिली. दोन तास. पाणी दिलं तर नको म्हणाली. फिल्म वाळल्यावर त्यानं ती दिव्यासमोर धरली. उजवी बाहुली कोरी होती. त्याच्या जिवात जीव आला.

"स्वच्छ हाय, महानंदा. बघ, कोरी हाय."

"मला त्यातलं कळत न्हाय. कागदावर दाखवा."

लाल बल्बाखाली त्यानं कागद औषधाच्या ट्रेमध्ये सोडला. ती त्याच्या खांद्याला खेटून उभी राहिली आणि फोटोकडं न बघता त्याच्या हातांकडं बघत राहिली. हळूहळू केस आले. मग पट्टीचा चौकोन, मग नाक, मग ओठ. शेवटी डोळा आला. काळा. त्यानं कागद दुसऱ्या ट्रेमध्ये टाकला, हलवला, वर काढून तिच्यापुढं धरला.

महानंदानं फोटो हातात घेतला. ओलाच. अंगठा डोळ्यावर ठेवला आणि चोळायला लागली. आधी हळू, मग जोरानं, मग नखानं. ओल्या कागदाचा वरचा पापुद्रा सुटला आणि बाहुलीच्या जागी खालचा पांढरा कागद उघडा पडला.

ती थांबली. त्या पांढऱ्याकडं बघत राहिली.

"शाई न्हवती ती," सिद्रामप्पा घाईघाईनं म्हणाला. "ओला कागद हाय, नखानं फाटला. खालचा कागद पांढराच असतो. डोळा काळाच हाय, महानंदा, शपथ घेऊन सांगतो. खरं सांगतोय मी."

तिनं मान वर करून पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट बघितलं. त्याचं म्हणणं ती ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर काहीच बदललं नाही. बाहेर शरू काशम्माबरोबर काहीतरी मोठ्यानं बोबडं बोलत होती.

"दुसरा काढा," महानंदा म्हणाली आणि पुन्हा त्याच्या हातांकडं बघत उभी राहिली.